दक्षिणेचं ताट

१

किनुच्या घरी महायुद्ध रोज सकाळी सातला रेडिओवर सुरू व्हायचं आणि साडेसातच्या आत तिच्या ताब्यात यायचं.

रेडिओवरचा माणूस खणखणीत आवाजात सांगे, की चीनमध्ये आपलं सैन्य नदी ओलांडून आणखी पुढे गेलं, ब्रह्मदेशाच्या डोंगरात शत्रूची कोंडी झाली, दक्षिणेच्या समुद्रात त्याची अमुक जहाजं तळाला गेली. किनु हातात डाव धरून उभ्याउभ्या सगळं ऐकायची. बातम्या संपल्या की बाह्या सरसावून पुढच्या खोलीत जायची आणि तिथं मांडलेली तीन ताटं बातम्यांप्रमाणे सरळ करायची.

तिचे तीन मुलगे तीन आघाड्यांवर होते. थोरला सेइजी चीनमध्ये, मधला हारुओ ब्रह्मदेशात आणि धाकटा मिनोरु दक्षिणेला, सायपान बेटावर. लांब गेलेल्या माणसाचं ताट घरात रोज मांडलं की तो तिकडे उपाशी राहत नाही, ही रीत त्या बंदरगावात घरोघरी होती. पण बाकीच्या बायका ताट कुठंतरी कोनाड्यात सरकवून मोकळ्या व्हायच्या. किनुला तसला गबाळेपणा खपत नसे. नवरा गेल्यावर तिनं वीस वर्षं बंदरावर खानावळ चालवली होती, आणि जेवणारा कुठं बसलाय ते बघून ताट ठेवायचं हे तिच्या हाडीमाशी खिळलं होतं. जेवायच्या काड्या जेवणाऱ्याच्या बाजूच्या काठावर, त्यांची टोकं त्याच्या डावीकडे. भात डाव्या हाताला, सार उजव्या. म्हणून सेइजीच्या ताटातल्या काड्या पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला असत. हारुओच्या नैऋत्येला. मिनोरुच्या दक्षिणेला, अंगणाकडच्या सरकत्या दाराशी. सैन्याच्या मुख्यालयानं चीनमधलं एखादं शहर घेतलं की किनु सेइजीचं ताट दोन बोटं फिरवी.

शेजारचा कानबेइ न्हावी आपल्या दुकानातल्या मोठ्या नकाशावर रोज कागदी झेंडे टोचत असे. किनुची ताटं हा त्याच्या कौतुकाचा आणि थट्टेचा विषय होता.

"किनुबाई, माझा झेंडा हलायच्या आधी तुमचं ताट हललेलं असतं. तुम्हालाच का नाही बसवत मुख्यालयात?"

"बसवलं असतं तर एव्हाना लढाई आटपून सगळे घरी जेवायला आले असते," किनु म्हणायची. "तुम्ही दाढ्या करा. परवा माझ्या भावाचा अर्धा कान नेलात."

आणखी एक रीत होती. ताटातल्या साराच्या वाडग्यावर झाकण ठेवायचं आणि थोड्या वेळानं उचलून बघायचं. झाकणाला आतून पाण्याचे थेंब आले असतील, तर तिकडे माणूस धडधाकट आहे. गरम सारावरच्या झाकणाला थेंब येणारच, असं कुणी शहाण्यानं म्हटलं, तर किनु विचारी, "मग काय बिघडलं? तुला न येणारे थेंब हवेत का?" खानावळ बंद पडून वर्ष झालं होतं, पण तिथले लाखेचे काळे वाडगे घरात होते, झाकणांसकट. घरातली माणसंसुद्धा त्यातच सार प्यायची.

घरातली माणसं म्हणजे आता दोनच. किनु आणि धाकटी सून सायो. लग्नाला तीन आठवडे होतात न होतात तोच मिनोरुला बोलावणं आलं होतं. सायोला आता पाचवा महिना होता. रीतीप्रमाणे चांगला दिवस बघून किनुनं तिच्या पोटाला स्वतःच्या हातानं पट्टा बांधला होता, आणि पट्ट्याच्या गाठीकडे बघत बजावलं होतं, "मुलगा असो की मुलगी, बाप येईपर्यंत आपण दोघींनी सांभाळायचं. कळलं?"

अन्न टाकून देण्याचे दिवस नव्हते. ताटं तासभर राहिली की दोघी आपल्या ताटांबरोबर तीही संपवत. मिनोरुचं ताट हक्कानं सायोचं.

जूनमधल्या एका सकाळी सायो दोन घास खाऊन थांबली.

"आई, रागावू नका. पण ह्यांच्या ताटातल्या भाताला चव नाही."

"रेशनच्या भाताला चव कधी होती ग? अर्धे जव आणि अर्धं रताळं."

"तसं नाही. हारुओभावजींच्या ताटातला खाऊन बघितला. त्याला आहे."

किनुनं दोन्ही ताटांतला एकेक घास तोंडात टाकला. एकाच पातेल्यातला भात. हारुओचा भातासारखा लागला. मिनोरुचा ओला कागद चघळल्यासारखा. मिठाचा कण लावून पाहिला, तर मीठही लागेना.

"तोंड आलंय माझं," किनु म्हणाली. "आणि तुझंही. दिवस गेल्यावर असं होतं. निमूट जेव."

२

त्याच आठवड्यात रेडिओनं सांगितलं, की शत्रू सायपानच्या किनाऱ्यावर उतरला आहे आणि आपले शूर सैनिक त्याला समुद्रात ढकलताहेत. रेडिओवरच्या माणसाचा आवाज नेहमीपेक्षाही ठणठणीत होता. किनुला बरं वाटलं. असल्या आवाजावर तिचा विश्वास होता, कारण तिचा स्वतःचा आवाज तसाच होता.

सायो मागच्या आडावर पाणी काढत होती. किनुनं तिन्ही वाडग्यांत सार वाढलं, झाकणं ठेवली आणि जरा वेळानं उचलली. सेइजीच्या झाकणाला थेंब होते. हारुओच्या झाकणाला तर इतके, की ते चटईवर गळले. मिनोरुचं झाकण कोरडं होतं.

ओलसर वगैरे नव्हे, फडताळातून आत्ताच काढल्यासारखं कोरडं. खालच्या वाडग्यातून वाफ सरळ वर चालली होती. किनुनं हात धरला तर तळव्याला चटका बसला.

ती घाबरली नाही. घाबरणं तिच्या स्वभावातच नव्हतं. झाकण नीट बसलं नसेल, लाख उडाली असेल, वीस वर्षांचा माल. तिनं हारुओचं झाकण पुसून मिनोरुच्या वाडग्यावर ठेवलं आणि मिनोरुचं हारुओच्या. थोडं थांबली. उचलली. हारुओच्या वाडग्यावर गेलेल्या झाकणातून थेंब टपटपायला लागले. मिनोरुच्या वाडग्यावर आलेलं झाकण कोरडं ठणठणीत.

म्हणजे झाकणाचा दोष नव्हता.

मागच्या दारात सायोच्या लाकडी खडावा वाजल्या. ही पोर रोज आली की बादली खाली ठेवायच्या आत विचारी, "आई, आहेत ना थेंब?" किनुनं विचार केला नाही. शेजारच्या पाण्याच्या भांड्यात बोट बुडवलं, झाकणाच्या आतून डावीकडून उजवीकडे फिरवलं आणि झाकण ठेवून दिलं.

"आई, आहेत ना?"

"हातच्या काकणाला आरसा कशाला? ये, बघ."

सायोनं झाकण उचललं. ओल्या लाखेवर सकाळचा उजेड चमकला. पोरीचा चेहरा असा उजळला, की किनुला आपण केलं ते शंभर टक्के योग्य वाटलं. पोटुशी बाई हसली पाहिजे, जेवली पाहिजे. आणि पाणी ते पाणी. समुद्रापलीकडे काय घडतंय ते ठरवायला मुख्यालय आहे. ह्या घरात काय घडतंय ते ठरवायला मी आहे.

दुसऱ्या दिवशीही झाकण कोरडं निघालं. तिसऱ्या दिवसापासून किनुनं ते आधी उचलून बघणंच सोडलं. सायो आडावर गेली की बोट ओलं करायचं, फिरवायचं, झाकायचं. मीठ घालायला विसरत नाही तसं.

३

काड्या तिनं प्रथम पाहिल्या तेव्हा तिला सायोचा राग आला.

मिनोरुचं ताट फिरलेलं होतं. काड्या अंगणाच्या दाराशी हव्यात, तर त्या पूर्वेच्या काठावर, मागच्या दाराकडून येणाऱ्या बोळाच्या बाजूला होत्या. जणू जेवणारा अंगणापलीकडे नव्हे, घरात, त्या बोळाच्या तोंडाशी बसला होता.

"सायो! ताटाला हात लावलास?"

"नाही हो आई."

"मग काय ताटाला पाय फुटले? दक्षिणेचं ताट पूर्वेला! तिकडे काय अमेरिकेत जेवायला बसलाय तो?"

सायोला हसू आलं, पण तिनं हात लावला नव्हता हे तिच्या तोंडावरून कळत होतं. किनुनं ताट सरळ केलं. मग उंदीर. मग जमीन हादरली असेल. रात्री बारीक धक्के बसतातच. उंदीर आणि भूकंप मिळून ताटातला साराचा थेंबही न सांडता ते फिरवतात का, हा प्रश्न तिनं स्वतःला विचारला नाही. विचारला असता तर उत्तर द्यावं लागलं असतं.

पुढल्या सकाळी ताट पुन्हा फिरलं होतं. आता काड्या बोळाच्याही अलीकडे, चुलीच्या बाजूला होत्या. किनु ते सरळ करायला वाकली आणि तशीच राहिली.

काड्यांची टोकं उजवीकडे होती.

तिनं आयुष्यात हजारो ताटं मांडली होती, आणि काड्यांची टोकं उजवीकडे कधी ठेवली नव्हती. सायोनंही नाही. तशा काड्या डाव्या हातानं जेवणाराच ठेवतो, आणि डाव्या हातानं जेवणाऱ्याला त्या गावात कुणी ताटावर बसू देत नाही.

मिनोरु लहानपणी डावखुरा होता. दोघे भाऊ रोज भांडत, "आई, ह्याचं कोपर लागतं!" चार वर्षांचा असताना एका हिवाळ्यात किनुनं त्याचा डावा हात फडक्यानं कमरेला बांधून टाकला. पोर रडलं नाही. मुकाट्यानं उजव्या हातानं सांडत सांडत जेवायला शिकलं. एकदा खानावळीत गर्दी होती, आणि झोपायच्या आधी गाठ सोडायचं किनु विसरली. सकाळी जाऊन बघते तर तो हात बांधलेलाच घेऊन जागा पडला होता. बोटं निळी पडली होती. गाठ साधी होती, ओढली असती तर सुटली असती. "सोडली का नाहीस रे?" तिनं विचारलं. "तू सोड म्हणाली नव्हतीस," तो म्हणाला.

त्यानंतर तो जन्मभर उजव्या हातानं जेवला. भाऊसुद्धा विसरून गेले. सायोला तर ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता.

किनु चटईवर बसली. रेडिओ आतल्या खोलीत चीनमधली शहरं मोजत होता. तिनं काड्या उचलल्या आणि टोकं डावीकडे करून ठेवल्या. मग वाडग्याकडे पाहत बसली. चुलीवर पाणी सणसणत होतं. बाहेर कुणीतरी आग विझवायच्या बादल्यांच्या कवायतीसाठी बायकांना हाका मारत होतं. त्या सगळ्या आवाजांच्या मधे, तिच्या पाठीमागे, अगदी जवळ, लाकडावर लाकूड ठेवल्याचा बारीक आवाज झाला. टक्. जेवण झालं की मिनोरु काड्या अशाच ठेवायचा.

तिनं वळून पाहिलं. सेइजीचं ताट, हारुओचं ताट. मग पुन्हा समोर, मिनोरुचं. काड्यांची टोकं उजवीकडे होती.

"सायो," तिनं हाक मारली. आवाज नेहमीसारखाच निघाला याचा तिला अभिमान वाटला. "चल ग, कवायतीला उशीर होतोय."

४

जुलैच्या मध्यावर रेडिओनं बातमीच्या आधी पडलेल्या सैनिकांसाठीचं ते संथ, खोल गाणं लावलं, आणि सगळ्या गल्लीला कळलं की काय ऐकायचं आहे. सायपानवरच्या सैन्यानं अखेरचा हल्ला केला. सगळ्यांना वीरमरण आलं. सगळ्यांना.

कानबेइ हातातलं फडकं तसंच खांद्यावर टाकून आला. आज त्याला थट्टा सुचत नव्हती.

"किनुबाई, मी झेंडा काढला." तो उंबऱ्यातच उभा राहिला. "काय बोलू मी? त्या पोराचे पहिले केस मी कापलेत."

"मग पुढचेही तुम्हीच कापाल. झेंडा परत लावा."

"अहो, मुख्यालयानं सांगितलंय..."

"मुख्यालयानं त्याचं झाकण उचलून पाहिलंय का? आजही पाणी आहे. सायोला विचारा."

सायो चुलीशी उभी होती. रडून तिचं तोंड सुजलं होतं, पण बुडणाऱ्यानं काठावरच्या माणसाकडे बघावं तशी ती किनुकडे बघत होती. "आहे," ती म्हणाली. "मी बघितलं. आई म्हणतात म्हणजे ते आहेत."

कानबेइनं मान खाली घातली. "असेल. देव करो आणि असं असो. पण बाई, एक ऐका माझं. ते ताट आता देव्हाऱ्यापुढे हलवा. गेलेल्याला कळायला हवं की आपण गेलोय. नाहीतर तो कुठं जाणार? आणि ह्या पोरीला माहेरी पाठवा. डोंगरात भाजीपाला मिळतो, शांत असतं. किती वाळलीय ती!"

"मिनोरु आला आणि बायको माहेरी, असं नको व्हायला," किनु म्हणाली. "तुमचं गिऱ्हाईक खोळंबलंय. जा."

तो गेला. पण त्याचं बोलणं मागे राहिलं. किनुनं सायोकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. गालाची हाडं वर आली होती. रोज दोन माणसांचं जेवणारी पोर, किनु आपल्या ताटातलंही तिच्या ताटात वाढायची, आणि पट्टा मात्र कमरेवर सैल लोंबत होता.

"जेवतेस ना ग तू नीट?"

"जेवते की. पण पोटात जातच नाही असं वाटतं. सगळ्यालाच चव नाही आता. माझ्या ताटातल्यालासुद्धा." सायोनं पोटावर हात ठेवला. "आणि आई, परवापासून हे हलत नाहीये."

"झोपलं असेल. ह्या दिवसांत झोपतात मुलं."

"आणि हे बघा ना. कशानं होतंय कळत नाही." तिनं बाही वर केली. उजव्या कोपरावर तळहाताएवढा काळानिळा डाग होता. जुन्यावर नवा, नव्यावर आणखी नवा. "घास उचलला की कोपर कुठंतरी आपटतं. बाजूला तर काही नसतं. जेवताना जागा पुरत नाही असं वाटतं, म्हणून मी सरकून बसते."

डावखुरा माणूस उजवीकडे येऊन बसला, तर त्याचं कोपर नेमकं तिथं लागतं. किनुनं कितीतरी वर्षं दोन पोरांच्या तोंडून ते गाऱ्हाणं ऐकलं होतं.

तिनं पुढच्या खोलीत पाहिलं. सकाळीच सरळ केलेलं मिनोरुचं ताट सायोच्या बसायच्या जागेला चिकटलं होतं, काठाला काठ लावून. नवरा-बायकोची ताटं लावतात तसं.

५

त्या दिवशी किनु कवायतीला गेली नाही. ताटांसमोर बसून राहिली, आणि तिला सगळं उमगलं. दुःखही आलं, पण दुःखाच्या आधी भीती आली, कारण ती तिला नवीन होती.

झाकण जूनमध्येच कोरडं झालं होतं. पोर तेव्हाच गेलं होतं, उपाशीपोटी, कुठल्यातरी वाळूत. ते आपल्या वाटेनं जातच असणार. आणि इकडे आईनं बोट ओलं करून रोज सकाळी सांगितलं, की तू आहेस. त्याला काय वाटलं असेल? तो आजवर एकदाही आईच्या शब्दाबाहेर गेला नव्हता. आई आहे म्हणते, म्हणजे आपण असणारच. मग घरी जाऊन जेवायला हवं. चार वर्षांचं पोर बोटं निळी पडली तरी गाठ सोडत नाही, कारण आई सोड म्हणालेली नसते.

आणि एका ताटानं त्याची भूक भागत नव्हती.

ठीक आहे. मी बांधलं, मीच सोडीन. किनुनं ठरवलं की ठरवलं. कानबेइच्या मेहुण्याची बैलगाडी उद्या सकाळी डोंगराकडे जाणार होती. तिनं सायोचं गाठोडं बांधलं, वर आपली जाड रजई ठेवली आणि सांगितलं, "बाळंत होईपर्यंत माहेरी राहायचं. वाद नको."

"पण हे आले तर?"

"तर मी आहे ना घरात."

सकाळी रेडिओनं सात वाजता नेहमीच्या दिमाखात सांगितलं, की सर्व आघाड्यांवर आपली पकड भक्कम आहे. किनुनं भात वाढला, सार वाढलं. तीन ताटं मुलांची, दोन घरातली. सायो आडावर गेली. किनुनं मिनोरुच्या वाडग्यावर झाकण ठेवलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली. पाण्याच्या भांड्याकडे तिनं पाहिलंही नाही.

"मिनोरु," ती म्हणाली. खानावळ गाजवलेला तो आवाज आज दोनदा अडकला. "नीट ऐक. मी खोटं बोलले. झाकणाला पाणी नव्हतं रे. एक दिवससुद्धा नव्हतं. ते माझं बोट होतं." तिनं झाकण उचलून त्या रिकाम्या जागेसमोर धरलं. "हे बघ. कोरडं आहे. तू गेलास बाळा. तुझी काही चूक नाही, तू आईचं ऐकलंस. आता पण ऐक. ऊठ पानावरून. हिला आणि तुझ्या पोराला जेवू दे. सोड."

खोलीत काही हललं नाही. वाफ वर जात होती. मग मिनोरुच्या ताटावरची वाफ किंचित वाकली, कुणीतरी मान वर करून श्वास सोडावा तशी, आणि पुन्हा सरळ झाली. किनुनं डोळे पुसले. पोर समजूतदार होतं, समजलं असणार. तिनं झाकण पुन्हा ठेवलं, कोरडंच, आणि काड्या उचलून दक्षिणेला ठेवल्या.

खडावा वाजल्या. सायो आत आली आणि आपल्या जागेवर बसली. "गाडी आलीय. बैल चरायला सोडलेत, जेवून या म्हणाला." तिनं सवयीनं मिनोरुच्या वाडग्याकडे हात नेला.

"राहू दे आज," किनु म्हणाली.

"आज तर बघणारच. इतक्या दिवसांसाठी चाललेय." तिनं झाकण उचललं, आणि हसली. "आई, आहे! आजसुद्धा आहे!"

किनुनं झाकण तिच्या हातातून घेतलं. थेंब नव्हते. एका बोटाची ओली रेघ होती. किनुचं बोट डावीकडून उजवीकडे फिरायचं. ही रेघ उजवीकडे जाड होती आणि डावीकडे निमुळती होत गेली होती. पाण्याच्या भांड्याच्या काठावर एक थेंब लोंबत होता.

तिनं शिकवलेलं तो एकदा दाखवलं की शिकायचा. नेहमीच.

सायो जरा डावीकडे सरकली, कुणाला जागा करून द्यावी तशी, तिचं तिलाही न कळता. मग तिनं आपल्या साराच्या वाडग्यावरचं झाकण उचललं, उलटं केलं आणि कुतूहलानं बघत राहिली. वाडग्यातून वाफ भरभरून वर येत होती.

"आई," ती म्हणाली, "गंमतच आहे. माझं कोरडं कसं?"

बाहेर गाडीवाल्यानं हाक दिली. रेडिओवर दक्षिणेची बातमी सुरू झाली होती. किनुनं आयुष्यात कधी हार मानली नव्हती, आणि हार कशी मानतात हे तिला कुणी शिकवलंही नव्हतं.

"इकडे दे," ती म्हणाली, आणि तिनं पाण्याच्या भांड्यात बोट बुडवलं.